अप्पांनी आवळलेला फिल्टर

वडील गेल्यावर महिन्याभराने ती ऑइल बदलायला गाडीखाली सरकली, ती मोठा पाना घेऊनच. अप्पांनी आवळलेला फिल्टर काढताना दरवेळी तिला घाम फुटायचा.

"अप्पा, हाताने आवळला तरी पुरतो," ती वैतागायची.

"हातानेच आवळलाय गं," अप्पा हसत तळवे दाखवायचे.

पाना लावण्याआधी तिने सहज हात घातला, तर फिल्टर दोन बोटांनीच फिरला आणि सुटून तळव्यात आला.

पावसाळ्यापासून पार्किंगच्या फरशीवर तेलाचे डाग पडत होते. "या वेळी फिल्टर नीट बसला नाही का?" तिने विचारलं होतं. फडक्याने फरशी पुसत, तिच्याकडे न बघता अप्पा म्हणाले होते, "गाडी म्हातारी झालीय आता."

नवा फिल्टर तिने बोटं दुखेपर्यंत आवळला.