निवांत मंगळवार

सकाळी रंगरावांनी वांग्यांना पाणी दिलं. दुपारी निंबाखाली बसून काड्यांची इवली बैलगाडी जोडली. मग मोबाइलवर मॅच लागली, तसे चौकारागणिक मांडीवर थाप मारू लागले. कस्तुराबाईंनी नवऱ्याला इतकं खुशीत कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात दारात ॲटो थांबला. "काकू, काकाले आणा लवकर. डायलिसिसचा नंबर जाईन!" ॲटोवाला स्वप्निल ओरडला.

रंगरावांनी बायकोचा हात धरला. "आता नाई जायचं मले. कधीच नाई."

सुयांनी काळानिळा पडलेला तो हात कस्तुराबाईंनी कुरवाळला आणि त्या दारात आल्या.

"परत जाय, बापू."

"अन् काही झालं तं?"

"होईनच," त्या म्हणाल्या, "पण घरी होईन."