जानेवारीपर्यंत थांब

आर्डिसने सगळे आकडे पुन्हा एकदा टाकून पाहिले. उत्तर तेच आलं. तिने चष्मा काढला, लिंबाच्या वड्यांची बशी लॉर्नापुढे सरकवली आणि सांगितलं, की विजेच्या गाडीवर मिळालेली साडेसात हजार डॉलरची सवलत सरकारला परत करावी लागणार.

लॉर्नाला आधी ती थट्टाच वाटली. ते साडेसात हजार तिच्या हातात कधी आलेच नव्हते. गेल्या एप्रिलमध्ये विक्रेत्याने ते तिथल्या तिथे किमतीतून वजा केले होते. आणि आता परत करायचे म्हणजे कुठून? शिल्लक होती नव्हती ती घटस्फोटाच्या वकिलाने नेली होती. महिन्याभरात पैसे उभे राहिले नाहीत तर गाडीच विकावी लागेल, आणि गाडी गेली तर तीस मैलांवरच्या रुग्णालयात रोज पोहोचणार कशी? दुलुथसारख्या बर्फाळ गावात हिवाळ्यात पायी कुणी कुठे जात नाही.

आर्डिस सत्तरीची. लॉर्ना आणि तिचा तेव्हाचा नवरा वेंडेल यांचे कराचे कागद ती अकरा वर्षं आपल्या तळघरातल्या टेबलावर करत आली होती. तिने शांतपणे समजावलं. सवलतीला कमाईची मर्यादा असते. एकट्या माणसाला दीड लाख, नवराबायकोला मिळून तीन लाख. लॉर्नाची कमाई झाली होती एक लाख अठ्ठावन्न हजार. रुग्णालयाच्या औषधविभागात तिने उन्हाळाभर जादा पाळ्या केल्या होत्या, त्याही हौसेने नाही, घरी जायला नको म्हणून. त्या पाळ्यांनीच घात केला. आधीच्या वर्षाची कमाई दाखवूनही सुटता येतं, पण त्या वर्षी वेंडेलने तळ्याकाठचा जमिनीचा तुकडा विकला होता आणि दोघांची बेरीज तीन लाखांवर गेली होती. ती वाटही बंद.

"पण गाडी घेतली तेव्हा तर आमचं लग्न होतं," लॉर्ना म्हणाली. "वर्षभर मी त्याची बायकोच होते की."

"कर खात्याला वर्षाशी देणंघेणं नाही गं. एकतीस डिसेंबरला तू कोण होतीस, तेवढंच ते विचारतं. तुझ्या घटस्फोटावर सही झाली तीस तारखेला. जानेवारीत झाली असती तर दोघांचा कर एकत्र भरला असता, आणि यातलं काहीच परत करावं लागलं नसतं."

तीस तारीख लॉर्नानेच मागून घेतली होती. अगदी हट्टाने.

वेंडेल शाळेत सुतारकाम शिकवतो. कुठलीही गोष्ट तो सूचना वाचल्याशिवाय करत नाही. नवा टोस्टर आला की घरात दोन दिवस पाव भाजला जात नसे, कारण साहेबांचं पुस्तक वाचून व्हायचं असे. गाडी घेतली त्या दिवशी लॉर्नाने सगळ्या कागदांवर भराभर सह्या केल्या आणि हा शेजारी बसून एकेक पान वाचत राहिला. विक्रेता घड्याळाकडे बघत होता. लॉर्नाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. या माणसाबरोबर उरलेलं आयुष्यही असंच वाट बघण्यात जाणार, हे तिने त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकलं.

नोव्हेंबरच्या शेवटी त्याचा फोन आला. "लॉर्ना, जानेवारीपर्यंत थांब," तो म्हणाला. "त्या गाडीचं..."

"गाडी तुला मिळणार नाही," असं म्हणून तिने फोन ठेवला होता. तो पुन्हा आला तेव्हा उचललाच नाही. बहिणीला, कामावरच्या बायकांना, सगळ्यांना तिने सांगितलं की स्वारीचा डोळा गाडीवर आहे. वकिलाला सांगून तिने गाडी आपल्याकडे राहील असं कलम घालून घेतलं आणि नाताळनंतरची पहिली मिळेल ती तारीख धरली. वेंडेलने त्या कलमावरही सही केली. या खेपेला न वाचता केली, असं वकील म्हणाला होता, आणि ती हसली होती.

आता तिचं डोकं तडकलं. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं तर. "मेल्याला पैशांची काळजी," ती म्हणाली. "पंधरा वर्षांची बायको निघून चालली, तेव्हा याचं लक्ष कुठे, तर साडेसात हजारांवर."

आर्डिसने कागद उलटा करून तिच्यासमोर धरला. खरेदीदाराच्या रकान्यात एकच नाव होतं. "गाडी तुझ्या एकटीच्या नावावर आहे, लॉर्ना. परत करायचं ते तुला एकटीला. त्याच्या खिशातून एक सेंटही जात नव्हता."

लॉर्ना त्या रकान्याकडे बघत राहिली. हातातली वडी तिने बशीत परत ठेवली.

आर्डिसला तिची दया आली. तिने आकड्यांचा कागद बाजूला केला. "एवढी साधी गोष्ट," ती हळहळून म्हणाली, "आणि तुला वेळेवर सांगणारं कुणी भेटलं नाही?"

"सांगत होता," लॉर्ना म्हणाली. "मी वाक्य पुरं होऊ दिलं नाही."