सिर्कूचा राग

सिर्कूला लहानपणापासून इन्सुलिन लागतं. साखर उतरली की तिचं डोकं फिरतं, त्यामुळे ती भडकली की घरात कारण कोणी विचारत नाही, सरळ ज्यूस पुढे करतात. सासू टोचून बोलली, ज्यूस. नवरा वाढदिवस विसरला, ज्यूस. इतक्या वर्षांच्या संसारात एकही राग तिच्या स्वतःच्या नावावर जमा झाला नाही.

या जूनमध्ये तळ्याकाठच्या घरी आल्यावर तिला कळलं, की वडिलांनी हाताने बांधलेली तिची होडी नवऱ्याने, तौनोने, परस्पर विकली आणि मोटरबोट घेतली. तिने सरपणाची कुऱ्हाड उचलली आणि मोटरबोटीचा तळ फोडायला घेतला.

"दादा, वहिनीची साखर उतरली बघ," धाकटा दीर सॉनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, पायरीवरून हसत म्हणाला.

तौनो शांतपणे ग्लास घेऊन आला. "आधी हे पी गं. होडीचं मग बोलू."

तिने एका हातात कुऱ्हाड तशीच ठेवून दुसऱ्या हाताने फोन त्याच्या तोंडासमोर धरला. दंडावरच्या साखर मोजणाऱ्या सेन्सरचा ताजा आकडा त्यावर होता.



साखर अगदी जागेवर आहे हे वाचून तौनो दोन पावलं मागे सरकला, आणि हातातला ज्यूस स्वतःच प्यायला.