देवळीतला तुकडा

एकाहत्तरच्या लढाईत शत्रूच्या धावपट्टीवर भरदिवसा बॉम्ब टाकणाऱ्या विमानपथकाचा यंदा शौर्यासाठी गौरव झाला आणि एक अधिकारी पथकाचा जुना फोटो घेऊन ताडकळसला बायनाबाईंच्या घरी आला. फोटोतल्या सहाजणांत बायनाबाईंचा नवराही होता. तो तेवढा परतला नव्हता. दारातच बायनाबाईंनी हात आडवा धरला. “थांबा साहेब. लांबून आलेल्या लेकरांवरून भाकरतुकडा ओवाळल्याबिगर आत घेत न्हाईत.” त्यांनी तव्यावरची भाकरी मोडली, तांब्या आणला, अंगठ्यानं फोटोतल्या नवऱ्याचा चेहरा झाकला आणि उरलेल्या पाचजणांवरून तुकडा ओवाळून टाकला. काचेवरूनच पाचांच्या डोळ्यांना पाणी लावलं. “आजी, आजोबा राहिले की,” अधिकारी हळूच म्हणाला. बायनाबाईंनी भिंतीतल्या देवळीकडं बोट दाखवलं. तिथं आज सकाळचाच भाकरीचा तुकडा होता. “त्यांचा येगळा हाय. चोपन्न वर्षं रोज काढून ठेवायलेय. ते असे फोटोतून न्हाई यायचे. पायानं चालत येतील.”