नवशिका हात

शिवता शिवता यशोदाबाई पांचाळांचा कृत्रिम उजवा हात मधेच आपोआप थांबू लागला. फुकट मिळालेल्या भरतकामाच्या फाइलमधून त्यात व्हायरस शिरला होता.

"सगळं पुसावं लागेल," दुरुस्ती करणारी मुलगी म्हणाली. "हात बारा वर्षांत शिकलेलं विसरेल. आधीची प्रत ठेवलीय?"

प्रत नव्हती.

घरी आल्यावर त्या हाताला सुईसुद्धा धरता येईना. यशोदाबाईंचे डोळे भरले. तेव्हा त्यांचे यजमान दत्ताराम शेजारी येऊन बसले. त्यांना शिवण यशोदाबाईंनीच शिकवली होती. त्यांनी बायकोची धातूची बोटं हातात घेऊन सावकाश धावदोरा घालायला सुरुवात केली.

"तुमचा टाका तिरका येतोय."

"येऊ दे. बारा वर्षं आहेत आपल्याकडे."

संध्याकाळी हाताने एकट्याने तीन टाके घातले. तिन्ही दत्तारामांच्या वळणाचे, तिरके होते. यशोदाबाई त्या टाक्यांकडे बघतच राहिल्या.