रवळनाथाचा कौल

रवळनाथाच्या छातीवर गुरवांनी दोन ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. मला संध्याकाळपर्यंत विद्यापीठांना उत्तर कळवायचं होतं आणि बाबा मात्र हात जोडून निवांत गाऱ्हाणं घालत होते.

"बा देवा रवळनाथा, माझ्या चेडवाक दिल्लीच्या आणि बंगळूरच्या, दोन्ही मोठ्या विद्यापीठांनी बोलावल्यानी हा. तर म्हाराजा, तेका दिल्लीक धाडू?"

"होय म्हाराजा," मागे उभे असलेले सगळे काका सवयीनं म्हणाले. पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

"मग बंगळुराक धाडू?"

"होय म्हाराजा." काकांना मी चंद्रावर गेले तरी चालणार होतं. पाकळ्या तशाच. गुरवांनी नव्या पाकळ्या लावल्या. बाबांनी पुन्हा दिल्ली विचारली, पुन्हा बंगळूर विचारलं. देव ढिम्म.

शेवटी आईनं बाबांना कोपरानं ढोसलं. "विद्यापीठाचा काय घेऊन बसलात? मनात आसा ता इचारा."

बाबांनी घसा खाकरला. आवाज एकदम खाली आला. "म्हाराजा, खंयही गेला तरी चेडू सुट्टीक घराक येतला मां?"

काकांनी होय म्हणायच्या आतच उजवी पाकळी पडली.

बाबांनी डोळे पुसले, नारळ फोडला आणि बाहेर येऊन चपला शोधायला लागले.

"बाबा, पण कुठलं विद्यापीठ?" मी विचारलं.

"ता तुझा तू ठरव," ते म्हणाले. "तेवढ्यासाठी देवाक कित्याक त्रास?"