सतरावं मिनिट

बाबांच्या एकमेव अल्बममध्ये शब्द नाहीत, नुसती सिंथेसायझरची संथ गुणगुण आहे. त्यांच्याकडे माइकच नव्हता.

ते गेल्यावर अल्बमच्या मोजक्या चाहत्यांची पत्रं मला येऊ लागली. सगळे एकाच जागेवर फिदा होते: सतराव्या मिनिटाला तुमचे वडील किती मायेनं बोलतात!

मी महिनाभर ऐकलं. मूळ टेप ऐकली, प्रती ऐकल्या. गुणगुणच. मला त्यांचा आवाज एकदाच हवा होता, आणि तो परक्यांना मिळत होता.

शेवटी दादाला हेडफोन लावून ऐकायला बसवलं. सतराव्या मिनिटाला त्याचे डोळे भरून आले. "अगं, बाबाच!"

मी हेडफोन हिसकावून घेतला. गुणगुण.

"कान तपासून घे एकदा," दादा म्हणाला.

मी चिडून हेडफोन पुन्हा त्याच्या डोक्यावर बसवला, टेप मागे नेली आणि त्याच्यासमोर बसले. "आता शब्द न् शब्द सांग."

दादाच्या चेहऱ्यावरचं हसू विरलं.

"मघाशी वेगळं होतं," तो हळूच म्हणाला. "आता कुणाला तरी सांगतायत, 'हळू बोला, ती समोरच बसलीये. तिला काही कळता कामा नये.'"